मोठ्या उपासातल्या गोळ्या

पहाटेच आमच्या मयतमंडळाची माणसं दारात आली. चौघे होते. मरणाची बातमी आमच्याकडे अशीच सांगतात, म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. माझी बायको अस्नाकेच आदिस अबाबाच्या इस्पितळात वारली होती.

तिला रक्ताचा कॅन्सर होता. रोज सकाळी एक गोळी, तीही भरल्या पोटी. नर्सनं समजावलं होतं, रक्ताच्या पेशीत किनेज नावाचं प्रथिन अडकलेल्या बटणासारखं चालूच राहतं. गोळी त्याला थोपवून धरते. थांबलात की ते परत सुरू. कित्येक वर्षं अस्नाकेच ठणठणीत होती. मग गोळी लागू पडेनाशी झाली, असं सगळे म्हणाले.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मैत्रीण येशिमेबेत आली. तिलाही तोच आजार. दोघी औषधाला एकाच बसनं जायच्या.

"दादा, मी गोळ्या सोडणार," ती म्हणाली. "तिनं इमानानं घेतल्या, काय झालं? उद्या मोठा उपास लागतोय, पंचावन्न दिवसांचा. मी मठात जाते, पवित्र पाण्याच्या उपचाराला."

मी कॉफीच्या मडक्याकडे वळलो; अस्नाकेच गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. "कॉफी तरी घेऊन जा."

"तुम्ही दाणे भाजणार? घर पेटवाल!"

मडक्यात हात घातला तर दाण्यांखाली दोन बाटल्या लागल्या. गोळ्यांनी भरलेल्या, सीलही न तोडलेल्या. इस्पितळानं दिल्याची तारीख गेल्या वर्षीच्या मोठ्या उपासातली. उपासात अस्नाकेच दुपार टळेपर्यंत पाणीही घेत नसे.

बाटल्या परत झाकून ठेवता आल्या असत्या. लोक तिला नावं ठेवतील, हे मला दिसत होतं. तरी मी त्या येशिमेबेतसमोर ठेवल्या.

"तिनं घेतल्याच नव्हत्या," मी म्हणालो.

तिनं एक बाटली उचलून सील चाचपलं. "लबाड! मला दटावायची, आजाऱ्याला उपास माफ असतो, तू मुकाट्यानं खा."

"मग तिचं ऐक."

मी कालची इंजेराची पोळी आणि पिठल्यासारखा शिरो वाढला. ती रडत रडत जेवली. मग पिशवीतून गोळी काढून गिळली.

"उद्या सकाळीही इथंच ये," मी म्हणालो.

ती रोज येते, खाते, गोळी घेते आणि जाते. कॉफीला थांबत नाही. म्हणते, तेवढा तरी उपास राहू दे, दादा. एकट्यासाठी कॉफी कोणी भाजत नाही.

दोन्ही बाटल्या मडक्यातच आहेत. इस्पितळात परत द्यायच्या अजून राहिल्या आहेत.