गुणाक्काने उचललेला भंडार

मित्रांनो, मी भंडाऱ्याची एक जुनी पितळी वाटी आहे. बेळगुंदीच्या अलीकडे ओढ्याकाठी एक वाडी आहे. तिथल्या यल्लम्माच्या देवळात, समईच्या मागे मी असते. माझ्या एका बाजूला खोल पोचा आहे, त्यामुळे कोणी हात लावला की मी डुगडुगते. तो पोचा कसा पडला ते सांगते.

बेळगावच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. हात मोठा जड होता बाबाचा! पण शेवटी त्याने मला चिंचेने असे घासले की सारा मार मी विसरून गेले. वाडीत आले तेव्हा पोरे माझ्यात तोंड बघायची. मग देवीपुढे माझ्यात हळदीचा भंडारा भरला आणि माझा मान वाढला. बांधाचे भांडण असो की भावाभावांचा तंटा, माझ्यातला भंडार उचलून शब्द दिला की विषय मिटला. कोर्टाची पायरी कोणी चढत नसे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग सदतीस सालची निवडणूक आली. मुंबईच्या कायदेमंडळात कोणी जायचे ते ठरायचे होते. मत सगळ्यांना नव्हते, पण ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांना होते. वाडीतल्या गुणाबाईच्या नवऱ्याला दारूने नेले होते. जमीन तिच्या नावावर झाली, म्हणून मतही तिला मिळाले. तिचा एकुलता एक रवळू आता बापाच्याच वाटेने गुत्त्यावर जाऊ लागला होता. त्या काळजीने बाई निम्मी झाली होती.

उमेदवार दोन होते. एक शेजारच्या गावचे इनामदार नागोजीअण्णा आणि दुसरे टिळकवाडीचे मारुतीराव वकील. नागोजीअण्णांनी देवळावर कौले घालून देतो म्हटले. झाले! पुजारी भरमूने त्यांच्या सभेआधीच वाडीतल्या मतदारांना माझ्यापुढे उभे केले.

"उचला भंडार. मत नागोजीअण्णास्नी."

सगळ्यांनी उचलला, म्हणून गुणाबाईनेही उचलला. अण्णांचे म्हणणे तरी काय आहे, हे कोणी विचारले नाही.

सभा संध्याकाळी देवळापुढच्या कट्ट्यावर झाली. म्हणजे वरातीमागून घोडे! शेतसारा कमी करू, ओढ्यावर पूल बांधू, असे अण्णा बरेच बोलले. गुणाबाई पदर सारखा करत उठली.

"अण्णा, त्यो दारूचा गुत्ता बंद करणार न्हवं तुमी?"

"अगं, गुत्त्याच्या वसुलावर तर शाळा चालती," अण्णा हसून म्हणाले. "गुत्ता मोडला तर मास्तरचा पगार तू देणार व्हय?"

सगळे हसले. गुणाबाई मटकन खाली बसली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच कट्ट्यावर वकील आले. भंडार उचललेले कोणी तिकडे फिरकले नाहीत, बिनमताची माणसे तेवढी जमली. गुणाबाई मात्र देवळात शिरून दाराआडून ऐकत राहिली. दारू बंद झालीच पाहिजे, असे मारुतीराव म्हणाले. कोणीतरी शाळेचे विचारले.

"पैसा दुसरीकडून उभा करावा लागेल," ते म्हणाले. "कुठून, ते आज मला सांगता येत नाही."

गुणाबाईने वळून माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. आपणच कलंडावे आणि सगळा भंडारा सांडून टाकावा, असे मला वाटले. पण वाटीला स्वतःहून कुठे हलता येते?

मताच्या दिवशी सकाळी ती देवळात आली.

"भरमूदादा, उचललेला भंडार माघारी ठेवता येतोय काय रं?"

"न्हाय गं गुणाक्का. उचलला म्हंजे उचलला." भरमूची नजर गळक्या छपराकडे होती. "आईचा कोप लई वाईट. तुला एकच ल्योक हाय."

ज्या लेकासाठी तिला मत फिरवायचे होते, त्याच्याच जिवाची त्याने तिला भीती घातली. मला भरमूची चीड आली. मत देताना तिला कोण बघणार होते? पण तिने दिलेला शब्द पाळला आणि घरी येऊन दिवसभर तोंडात घास घातला नाही.

नागोजीअण्णा निवडून आले. देवळावर कौले चढली. गुत्ता होता तिथेच राहिला.

शिमग्यात रवळू झिंगून देवळापुढे पडला. गुणाबाईने त्याला ओढत आत आणले आणि मला त्याच्यापुढे धरले.

"उचल भंडार. म्हन, ह्याच्याफुडं पिणार न्हाय."

रवळूने हात पुढे केला आणि मागे घेतला. तो रडत होता.

"आये, ह्योच भंडार उचलून तू गुत्ता राखलास न्हवं? मग मला कशाला शपथ घालतीस?"

जन्मभर मला डोळ्यांना लावून खाली ठेवणारी ती बाई. तिने मला उंबऱ्यावर आपटले. भंडारा दोघांच्या अंगावर उडाला. हा पोचा तेव्हाचा आहे.

आता स्वराज्य आले आहे. कट्ट्यावर पुन्हा सभा होतील, असे लोक बोलतात. गुणाबाई थकली आहे. ती पायरीवर येऊन बसते, पण माझ्यात बोट घालत नाही.

मित्रांनो, मला चिंचेने घासले नाही तरी चालेल. पोचाही काढू नका, असू दे. पण माझ्यात कोणाचा हात घालण्याआधी त्याला जे विचारायचे असेल ते विचारू द्या. गुणाबाईला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती तिने भंडार उचलल्यावर विचारली. रवळू अजून गुत्त्यावरच असतो.