पहिल्या रांगेतला नकार

नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचून बघतं, अशी त्या दुकानाची रीत होती. मंगळवारी आलेल्या निवृत्त आजोबांनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाले, "थांबा, हेच बघतो आधी. काल सगळं धूसर दिसत होतं."

दुकानातली बाई फ्रेमचा बारीक स्क्रू आवळत होती. तिला घरीदारी सगळे ताईच म्हणत. तिला मान वर करायची गरज नव्हती, आवाजावरूनच कळलं. बावीस सेकंदांचा तो व्हिडिओ नऊ दिवस गावभर फिरत होता.

"आता कसं स्वच्छ दिसतंय," आजोबा म्हणाले. "गाणारा हलकट आहेच, त्यात वाद नाही. पण ही पोरगी गेलीच कशाला वर? टाळी काय एका हातानं वाजते?"

"कानामागे टोचत नाही ना?" ताईनं विचारलं.

"नाही, मस्त बसलाय."

ती पोरगी म्हणजे ताईची सख्खी धाकटी बहीण. ताई त्यावर चकार शब्द बोलली नाही, आणि त्याचं कारण लाज नव्हे. खरं कारण ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल, तर ठेवा. मीही ठेवली होती. ताईच्या पोटात दुखत होतं. सगळं जग ज्याला अपमान म्हणत होतं, त्याचाच तिला हेवा वाटत होता.

आता हे नीट सांगायला हवं. गळा मखमलीसारखा म्हणून त्या गायकाला लोक मखमल म्हणायचे. त्याच्या चाहत्या बायकांचं एक मंडळ होतं, दातांच्या डॉक्टरीणबाई त्याच्या अध्यक्ष आणि ताई अकरा वर्षं चिटणीस. तिकिटं ताईनं काढायची, खुर्च्या ताईनं अडवायच्या, कुणाला चक्कर आली तर पाणी ताईनं आणायचं. प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला मखमल पहिल्या रांगेतल्या एकीला मंचावर बोलवी आणि तिच्या कमरेत हात घालून गाणं पुरं करी. मंडळात याला 'मान' म्हणत. मान मिळालेलीचा फोटो ताई अल्बममध्ये चिकटवी आणि खाली वळणदार अक्षरात 'भाग्यवान' असं लिही. असे त्रेचाळीस फोटो झाले होते. त्यात ताईचा एकही नव्हता.

चाळिशी उलटलेली, लग्नाचं राहून गेलेलं, दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवणारी बाई. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी काय झुरायचं? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. प्रत्येक फोटो चिकटवताना ती त्या बाईचे केस बघायची, रंग बघायची, कंबर बघायची, आणि मनाशी म्हणायची, हिच्यात असं काय आहे?

त्या रविवारी मंडळातली एक बाई तापानं आडवी झाली. तिकीट वाया जाऊ नये म्हणून ताईनं धाकटीला बरोबर घेतलं. धाकटी बालवाडीत शिकवायची. मखमलची धड दोन गाणी तिला येत नव्हती. ताईनंच तिला आपला निळा ड्रेस घालायला दिला.

शेवटचं गाणं सुरू झालं. मखमलनं पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, ताईच्या दिशेनं हात केला आणि ताई उठली. अकरा वर्षांनी उठली. तेव्हा तो माईकमधून हसत म्हणाला, "तुम्ही नाही हो मावशी. शेजारची."

सगळं सभागृह हसलं.

ताई मटकन खाली बसली. त्याच क्षणी धाकटीनं तिचा हात घट्ट धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "ताई, नको. मला नाही जायचं." ताईनं ते स्वच्छ ऐकलं. ड्रेस माझा, रांग माझी, अकरा वर्षं माझी, आणि ही म्हणते नको. तिनं धाकटीच्या पाठीला हात लावून तिला पुढं ढकललं. "नखरे करू नकोस. जा."

धाकटी गेली. पुढं काय झालं ते गावानं पाहिलंच आहे. त्यानं तिला कमरेला धरून ओढलं, हनुवटी पकडून तोंड फिरवलं आणि तिच्या ओठांवर ओठ टेकले. ती मागे सरली तर त्यानं मानेमागं हात घालून पुन्हा तेच केलं. मग तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लोकांना सांगितलं. घाबरलेली माणसं करतात तसं ती कसंनुसं हसली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिले चार दिवस सगळे मखमलवर तुटून पडले. त्याचे दोन कार्यक्रम रद्द झाले, पोस्टरला काळं फासलं गेलं. पाचव्या दिवशी वारं फिरलं. मखमलच्या माणसांनी पत्रक काढलं की एका चाहतीच्या अतिउत्साहामुळे गैरसमज झाला. मग लोकांना धाकटीचं हसू दिसायला लागलं, ड्रेसचा गळा दिसायला लागला. बालवाडीतल्या चार पालकांनी अर्ज दिला की या बाई आमच्या मुलांना नकोत. शाळेच्या समितीनं शनिवारी बैठक ठेवली. धाकटीची नोकरी राहणार की जाणार, हे तिथं ठरायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली सवय काही आजची नाही.

बुधवारी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. एक टाइप केलेला कागद काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "फक्त सही. तू तिच्या शेजारी होतीस, तुझ्या सांगण्याला वजन आहे."

कागदावर लिहिलं होतं: ती आनंदाने आणि स्वतःहून मंचावर गेली.

"ती माझी बहीण आहे," ताई म्हणाली.

"म्हणून तर. परक्यानं लिहिलं तर लोक म्हणतील विकला गेला. आणि हे बघ, त्याची तशी पद्धतच आहे प्रेमाची. अल्बममधले पाच छान हसरे फोटो काढ, ते शनिवारी समितीपुढं ठेवू. बिचाऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतंय ग." जाता जाता त्या वळल्या. "आणि एक. त्यानं स्वतः फोन केला होता मला. म्हणाला, परत उभा राहिलो की पहिला मान चिटणीसबाईंचा."

खोटं कशाला बोलू, ताईचं काळीज हललं. बहिणीची नोकरी जाणार आहे हे माहीत असूनही हललं. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी जेवताना आई नेहमीसारखी धाकटीच्या मागं लागली होती. "तू नाही म्हणायचंस तिथंच."

"म्हटलं होतं ग. ताईला म्हटलं होतं. पण गोंगाट इतका होता, तिला ऐकूच गेलं नाही." धाकटीनं ताईच्या ताटात आपल्या वाटणीची भाजी वाढली. "तिला ऐकू आलं असतं तर तिनं मला जाऊ दिलं असतं का?"

ताईनं ती भाजी ताटाच्या कडेला सारली.

शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या आधी ती अल्बम घेऊन मागच्या खोलीत बसली. पाच हसरे फोटो काढायचे, एवढंच काम. पहिला पाहिला. बाई हसत होती, पण दात आवळलेले होते. दुसरा चालेल म्हणून बाजूला ठेवला. तिसऱ्यात मान मागं ओढलेली. ताईनं काचेवरचे ओरखडे तपासायचं भिंग घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अकरा वर्षं ती या फोटोंतले केस आणि कंबरा बघत आली होती. हात तिनं कधी पाहिलेच नव्हते. एकीचा पंजा मखमलच्या छातीवर होता, आडवा, ढकलणारा. दुसरीनं त्याचं मनगट धरलं होतं, सोडवायला. एक जेमतेम अठराची असेल, तिनं दोन्ही हात स्वतःच्या गळ्याशी घेतले होते. आणि प्रत्येकीच्या खाली ताईचं वळणदार अक्षर.

त्रेचाळिसांत तिला पाच फोटो मिळाले नाहीत. दोन मिळाले, आणि त्यातलाही एक तिला नीटसा खात्रीचा वाटेना.

ती खूप रडली. पण रडतानाही मनाच्या एका कोपऱ्यात तीच जुनी कळ होती की मला कधीच का नाही. माणसाचा मत्सर असा चिवट असतो. वाईट समोर दिसतं, तरी आपल्याला ते मिळालं नाही म्हणून तो हळहळतो.

शनिवारी बालवाडीच्या कचेरीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. शाळेच्या मोठ्या बाई, समितीचे तीन सभासद, अर्ज करणाऱ्यांपैकी एक पालक. एका बाजूला डॉक्टरीणबाई. दाराजवळ धाकटी, मांडीवर हात ठेवून.

"यांची सख्खी बहीण सही करणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून काय पुरावा हवा? दे ग तो कागद."

ताईनं कागद काढला. सही नव्हती.

"यात लिहिलंय की ती स्वतःहून गेली," ताई म्हणाली. "ती गेली नाही. मी ढकललं तिला. मला म्हणाली होती, नको, मला नाही जायचं. मी ऐकलं होतं."

अर्ज करणाऱ्या पालकांनी विचारलं, "मग तेरा दिवस गप्प का होतात तुम्ही?"

"माझ्या पोटात दुखत होतं म्हणून." ताई म्हणाली. "मला जायचं होतं वर. मला तो मावशी म्हणाला आणि हिला बोलावलं. मला वाटलं, होऊ दे हिची फजिती. वर काय होतं ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार होते. पण काल हे पाहिलं." तिनं अल्बम मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. "चेहरे बघू नका. हात बघा."

मोठ्या बाईंनी पानं उलटली. पाचव्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "मंडळाची अब्रू चव्हाट्यावर आणलीस. म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"दांडा तर मी झालेच होते, बाई," ताई म्हणाली. "गोत कोण, ते मात्र उशिरा कळलं."

समितीनं अर्ज फेटाळला. सोमवारपासून धाकटीनं कामावर यावं असं ठरलं. एवढ्यावर गोष्ट संपवली असती तर तुम्हीही समाधानानं पान उलटलं असतं. पण धाकटी खुर्चीवरून उठली ती ताईजवळ आली नाही. दारातच थांबून म्हणाली, "ऐकू आलं होतं तुला."

"हो."

"त्या माणसाचं मी समजू शकते, ताई. तो परका होता."

आणि ती निघून गेली. घरात त्या दोघी अजूनही कामापुरतं बोलतात. मीठ दे, दार लाव, आईचं औषध संपलंय. भाजी ज्याची त्यानं वाढून घ्यायची.

मखमलवर पोलिसांत तक्रार झाली आहे आणि ती कुठवर जाईल हे वकिलांनाच ठाऊक. हलकट म्हणून त्याला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण त्या सभागृहात आठशे माणसं होती, आणि धाकटी मागे सरली ते आठशेच्या आठशे जणांनी पाहिलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या? तो व्हिडिओ तुम्ही कितीदा पाहिलात, आणि कुणाला पाठवताना खाली काय लिहिलंत? ताईनं आपलं पाप चारचौघांत बोलून दाखवलं. आपण काय करणार आहोत?

ताईनं मंडळ सोडलं, पण सभासदांच्या पत्त्यांची वही परत केली नाही. पुढच्या रविवारी तिनं पहिलं दार वाजवलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर लहान मुलांच्या चपला. दार उघडणारी बाई कपाळावरचा घाम पुसत होती. तिनं ताईला ओळखलं आणि तिचा चेहरा आक्रसला.

"तिकिटं विकायला आला असाल तर मी कधीच सोडलंय ते."

"तिकिटं नाहीत," ताई म्हणाली. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्हाला वर बोलावलं, तेव्हा तुम्हाला जायचं होतं का?"

बाई दाराला धरून उभी राहिली. आत कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, तरी ती हलली नाही.

"नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्याकडेच बघून नाही म्हणून मान हलवली होती मी. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."