ठोकाठोकीचा पेपर

सूचना
सर्व विभागांना कळविण्यात येते की, जुन्या इमारतीच्या जिन्याशेजारी लिफ्ट बसविण्याचे काम सोमवारपासून सुरू होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
देखभाल विभाग

देखभाल विभाग म्हणजे मी. एक टेबल, किल्ल्या टांगायची एक फळी आणि मी. "आम्ही" हे नुसतं वजन पडावं म्हणून.

सोमवार. पहिल्या हातोड्यानंतर सहा मिनिटं

रसायनवाले सर माझ्या दारात. हातात काचेची नळी.

"हे काय आहे?"

"नळी आहे, सर."

"थरथरतेय ती! मी थेंब मोजतो, मॅडम. थेंब. एक इकडचा तिकडे झाला की सगळा प्रयोग गेला. आणि वर तुमचे लोक भिंत फोडतायत."

त्यांच्यामागे ग्रंथपाल. ग्रंथपालांमागे इतिहासाच्या बाई, घसा बसलेल्या. दुपारपर्यंत माझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. जाता जाता रसायनवाले सर दारात थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नणंदेसाठी इमारत पोखरतायत. आम्हाला काय कळत नाही?"

तीन वाजता प्राचार्यांनी बोलावलं. त्यांचं बोलणं नेहमीच थोडक्यात.

"आणखी एक तक्रार आली तर काम बंद. पुढच्या वर्षी बघू."

त्याच दिवशी, जेवताना

नणंदेचं खोटं नव्हतं. वन्सं आमच्याच कॉलेजात गणित शिकवतात. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर त्या चाकाच्या खुर्चीवर आहेत. गणिताचा मोठा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या सहासष्ट. तिथे भिंतभर फळा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळमजल्यावर त्यांना खेळाच्या सामानाची खोली दिलेली. वर व्हॉलीबॉलच्या जाळ्या, समोर दाराएवढा फळा, सोळा मुलं. एकशेवीस मुलांचा शेवटच्या वर्षाचा वर्ग दुसऱ्याकडे गेला, कारण एकशेवीस मुलं जाळ्यांत मावत नाहीत.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक लिफाफा होता. आत राजीनामा, तारखेची जागा कोरी. "पुढच्या वर्षाचा पहिला तास वर झाला नाही तर तारीख टाकणार," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना. आणि वन्सं एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाहीत.

"काय गं वहिनी, भिंत पडली की तू पडलीस?"

"वन्सं, जेवा."

"सांग तरी."

सांगितलं. फक्त "पुढच्या वर्षी" एवढं गिळलं.

"तुम्ही दोघी कॉलेज ताटात आणू नका," हे त्यांचे दादा, म्हणजे माझा नवरा.

"तू थांब रे दादा." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "वहिनी, आवाजाचा त्रास नसतो कुणाला. तो कधी येणार हे माहीत नसण्याचा त्रास असतो. मला विचार. दुखणं दहा वाजता येणार असं कळलं ना, तर माणूस साडेनऊला चहा पिऊन तयार बसेल."

मी जेवण अर्धं टाकून कागद घेतला.

वेळापत्रकात नवी ओळ

विषय: ठोकाठोक
शिक्षक: मुकादम
वर्ग: सर्व
खोली: संपूर्ण इमारत
वेळ: रोज, चौथा तास

चौथ्या तासाला जुनी इमारत रिकामी करायची, सगळे वर्ग नव्या इमारतीत. बाकीच्या तासांना हातोडा उचलायचाही नाही. हे गळी उतरवायला तीन दिवस गेले. मी लोकांच्या इतक्या विनवण्या केल्या की शिपाई म्हणाले, "मॅडम, निवडणुकीला उभ्या राहताय का?"

मुकादम पन्नाशीचे, भुवयांत कायम सिमेंट. त्यांनी वेळापत्रक दोनदा वाचलं.

"मला शिक्षक केलंत?"

"कागदावर."

"कागदावर का होईना." दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

चौथा तास, दहावा दिवस

घंटा झाली तरी रसायनवाले सर वर्गात बोलतच होते. दारात मुकादम, खांद्यावर ड्रिल मशीन, नजर घड्याळावर.

"सर, माझा तास सुरू झाला."

"दोन मिनिटं."

"काल पण दोन मिनिटं होती, सर. माझा अभ्यासक्रम मागे पडतोय."

मुलं बाकांवर लोळून हसली. सरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात तास वेळेवर संपायला लागले. तिसाव्या दिवशी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये लिफ्टपुरते चौकोन पडले होते, आणि तक्रारवहीत एकच नवी नोंद होती. पहिल्या वर्षाच्या दोघींनी विचारलं होतं, ठोकाठोक विषयाला पुस्तक कोणतं.

मधली सुट्टी

शनिवार. परीक्षेला दोन दिवस

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब फोडताना आत बीम निघाला. नकाशात नव्हता. कधीकाळच्या भिंतीखाली घातलेला, आता काहीच न उचलणारा, पण नेमका लिफ्टच्या वाटेत आडवा. इंजिनिअरने येऊन पाहिलं, टेकू कुठे द्यायचे ते खडूने आखलं, कापा म्हणून सही केली आणि गेला.

"पन्नास मिनिटांत नाही जमणार," मुकादम म्हणाले. "अर्धा कापलेला बीम टांगून खाली पोरं बसवू का? एकदा पातं लावलं की खाली उतरवूनच थांबायचं. सलग तीन तास. आणि इमारतीत चिटपाखरू नको."

सोमवारपासून परीक्षा, सकाळ-दुपार. रविवारी इमारत बाहेरच्या परीक्षांना दिलेली. संध्याकाळी लगतच्या वसतिगृहात अभ्यास. परीक्षा संपणार पंचवीसला आणि लिफ्टवाले येणार अठराला. चौकोन तयार नसेल तर ते पुढच्या इमारतीकडे जाणार, आणि आपला नंबर पुढच्या वर्षी.

प्राचार्य म्हणाले, "परीक्षेत खिळासुद्धा ठोकायचा नाही."

मी खाली उतरले. खेळाच्या खोलीत वन्सं एकट्याच पेपर तपासत होत्या.

"तुझी चाल ऐकूनच कळलं," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "वहिनी, जाताना ड्रॉवर नीट लाव. अडकतोय."

मी ड्रॉवर लावला. लिफाफा तिथेच होता.

परीक्षेचे वेळापत्रक

ते त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर लागलं. नीट लागलंय की नाही हे बघणं माझं काम, म्हणून चार टाचण्या घेऊन गेले. तिसरी टाचणी हातातच राहिली.

*गुरुवार, तारीख १४. दुपारी २ ते ५. विषय: ठोकाठोक. वर्ग: सर्व. केंद्र: संपूर्ण जुनी इमारत. परीक्षार्थी: ०. परीक्षक: मुकादम.*

मी धावत परीक्षा विभागात गेले. तिथे अण्णा बसतात. बावीस वर्षं तीच खुर्ची.

"अण्णा, हे काय?"

"काय म्हणजे? वेळापत्रकात ओळ होती. ओळ म्हणजे विषय. विषयाला पेपर." त्यांनी चष्मा पुसला. "वर्ग सर्व, म्हणून त्या वेळेत दुसरा कुठलाच पेपर ठेवला नाही. मुलांची अडचण नको. खोली संपूर्ण इमारत, म्हणून इमारत मोकळी. फॉर्म मात्र एकानेही भरला नाही. पोरांना जबाबदारीच उरली नाही बघा."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी. मी अण्णांचे दोन्ही हात धरले. ते घाबरले.

सोमवार. प्राचार्यांची खोली

"हा पेपर कुणाचा?"

"मुकादमांचा, साहेब," अण्णा.

"रद्द करा."

"सही आपली आहे, साहेब. सहीनंतर वेळापत्रक बदलत नाही."

"अहो, पण हा विषयच नाही!"

"बावीस वर्षांत एक पेपर हलला नाही. आपल्या चिरंजीवांचं विमान चुकलं, तेव्हाही नाही. आपणच म्हणाला होतात, नियम म्हणजे नियम."

प्राचार्यांनी कागद उजेडात धरून स्वतःची सही पाहिली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"पाचला घंटा झाली की आवाज बंद. एक मिनिटही वर नाही. पर्यवेक्षक कोण?"

अण्णांनी यादीवर बोट ठेवलं. पाळीने आलेलं नाव होतं, रसायनवाले सर.

गुरुवार, १४

२.०० — सर डोक्यावर हेल्मेट चढवून तिसऱ्या मजल्यावर हजर. हातात घंटा. "वेळ सुरू." मुकादम म्हणाले, "आशीर्वाद असू द्या, सर." सरांनी घंटा जोरात वाजवली.

२.०४ — कटर लागला. दातांपर्यंत आवाज गेला. सरांनी कानात कापूस घातला आणि खुर्ची जवळ ओढली.

२.४० — बीमच्या डाव्या टोकाला पातं आरपार. तो भाग साखळीवर तोललेला. खाली पटांगणात, दोरीच्या पलीकडे, छत्री डोक्यावर धरून वन्सं. घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, "पेपर चालू असताना बोलू नये."

३.१५ — अंधार. कटर थांबला. इमारतीचा फ्यूज उडाला होता. बदलला, पुन्हा उडाला. जुन्या वायरिंगला हे ओझं झेपेना. एक टोक कापलेलं, एक शाबूत, टेकूंवर टेकलेला बीम आणि हातात पावणेदोन तास.

३.२५ — तिसरा फ्यूज गेला. मुकादमांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. इस्त्री गेली.

३.३१ — सर उठले. "माझ्या प्रयोगशाळेला वेगळी लाईन आहे."

मुकादमांनी हातातला फ्यूज खाली ठेवला. त्या लाईनवर सरांनी कुणाला साधा पंखा लावू दिला नव्हता.

"बघताय काय? पर्यवेक्षकाने परीक्षार्थ्याला साहित्य पुरवायचं असतं. वायर ओढा. पण एका बाटलीला धक्का लागला तर याद राखा."

३.४४ — कटर पुन्हा सुरू. बाटल्या थरथरत होत्या. सर त्या मोजत प्रयोगशाळेच्या दारात उभे.

४.३० — "शेवटचा अर्धा तास!" सर सवयीने ओरडले. मुकादम ओरडले, "पुरवणी द्या, सर!" मी इतकी हसले की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

४.५१ — शेवटची सळई तुटली. बीम साखळीवर जरासा हलला, मग शांत लोंबकळला. चौघांनी साखळी सोडायला घेतली, कडी-कडीने, टक, टक, टक. तिसरा मजला. दुसरा. पहिला.

४.५८ — बीम जमिनीला टेकला. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत मोकळा, सरळ चौकोन. गच्चीवरच्या काचेतून आलेला उजेडाचा पट्टा पहिल्यांदाच थेट तळमजल्याच्या फरशीवर पडला.

५.०० — घंटा. सरांनी वाजवली. आणि वाजवतच राहिले.

दोरीपलीकडून वन्संनी छत्री मिटली. खुर्ची दोरीला अगदी टेकवून त्या वर बघत होत्या. मी जिन्याच्या खिडकीतून हात हलवला.

"वहिनी," त्या खालून ओरडल्या, "तुझं हेल्मेट उलटं आहे!"

अठरा तारीख आणि नंतर

लिफ्टवाले आले. त्यांनी चौकोन तिन्ही मजल्यांवर मोजला, पुन्हा मोजला आणि एकमेकांकडे बघितलं. "एवढा काटकोनात सहसा मिळत नाही." मुकादम पाठमोरे उभे राहून नकाशा बघत असल्यासारखं करत होते. नकाशा उलटा होता.

लिफ्टची तळपाटी आणि मजल्याची फरशी यांत चाकाला अडेल एवढीही फट नको, उंचसखलही नको, हे मी आठ वेळा सांगितलं. नवव्या वेळेला मुकादमांनी फरशीवर गोटी ठेवली. ती लिफ्टमध्ये घरंगळली नाही, बाहेरही आली नाही.

नवीन वर्ष. पहिला तास. तिसरा मजला

लिफ्टचं दार उघडलं. खुर्ची बाहेर आली, चाक कुठेच अडखळलं नाही. बाकांवर एकशेवीस मुलं. दारात मी, रसायनवाले सर, आणि नवा इस्त्रीचा शर्ट घातलेले मुकादम.

वन्संच्या मांडीवर टाचणाचा कागद होता. मी ओळखला. राजीनामाच होता, पाठची कोरी बाजू वर. तिच्यावर गणितं.

त्या फळ्याच्या डाव्या टोकाशी गेल्या. खडू उचलला. तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत अण्णा वर आले, बगलेत निकालपत्रक.

"लिफ्टने का नाही आलात?" मी विचारलं.

"सवय नाही. मॅडम, अडचण आहे. टक्केवारीचा रकाना भरल्याशिवाय निकाल बंद करता येत नाही. ठोकाठोक: परीक्षेला बसले शून्य, पास झाले शून्य. टक्के किती?"

वन्सं मुलांकडे वळल्या. दोन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"बघा. उदाहरण स्वतः सहासष्ट पायऱ्या चढून आलंय."

त्यांनी फळ्यावर लिहिलं, शून्य भागिले शून्य. मग चाक फिरवलं आणि लिहीत सुटल्या. एक हात चाकावर, एक फळ्यावर. शून्य गुणिले पाच, शून्य. शून्य गुणिले सत्तर, शून्य. शून्य गुणिले शंभर, शून्य. फळा संपेना. खुर्ची भिंतीच्या कडेने उजव्या टोकापर्यंत गेली आणि मागे पांढऱ्या आकड्यांची लांबलचक रेघ राहिली.

"कुठलाही आकडा चालतो," त्या म्हणाल्या. "म्हणून एक उत्तर ठरत नाही."

"पण रकाना?" अण्णा रडवेले झाले होते.

वन्संनी दाराकडे बघितलं. मुकादमांनी कॉलर नीट केली.

"मग आपण ठरवू. शंभर लिहा."

वर्ग दणाणला. बाकं बडवणाऱ्या एकशेवीस मुलांचा आवाज आमच्या महिनाभराच्या हातोड्यांपेक्षा मोठा होता, आणि रसायनवाले सर त्यात सगळ्यांच्या वर टाळ्या वाजवत होते. अण्णा मात्र हलेनात. त्यांना शंभरच्या पुढे सही हवी होती.

वन्संनी खडू झटकला.

"अण्णा, माझा तास सुरू झाला."