देऊच्या मातीला दीडशे माणसं

करवंदवाडीत माणूस मेलं की सोनियाला दोनदा रडू यायचं. एकदा त्या माणसासाठी, आणि एकदा आकड्यासाठी.

बदलापूर मागे टाकून बारवीच्या अंगाला निघायचं, डांबरी रस्ता संपेपर्यंत जायचं, आणि तिथून अर्धा तास चढायचं. मग ही एकतीस घरांची वाडी लागते. तिथे दहावी पास झालेली बाई एकच, म्हाताऱ्या देऊची धाकटी सून सोनिया. दोन हजार सातच्या दिवाळीत तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला होता की वाडीत दीडशे माणसं भरली तर मिनी अंगणवाडी मंजूर होईल आणि सोनिया तिची सेविका होईल. एकशे एकोणपन्नास भरली तर काहीच होणार नाही. दीडशे आणि एकशे एकोणपन्नास यांच्यात सरकारला फार मोठी दरी दिसते. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून तर आपण सरकार नाही.

तेव्हापासून सोनियाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दाराच्या मागे तिने खडूने आकडा लिहून ठेवला होता आणि तो रोज पुसत होती. शिवराम म्हातारा तापाने गेला, एक कमी झाला. अंजनीच्या सुनेला जुळं झालं, तेव्हा सोनियाने वाडीभर गूळ वाटला आणि जुळ्यांचा बाप बघतच राहिला. माघात तीन पोरी लग्न होऊन गेल्या, तेव्हा मांडवात ती हमसून हमसून रडली. बायका म्हणाल्या, किती माया आहे बघा पोरीला! माया होती, नाही असं नाही, पण मधूनमधून ती बोटंही मोजत होती. दोन सुना वाडीत आल्या, तेव्हा तिने सासवांच्या आधी पुढे होऊन त्यांचं स्वागत केलं.

डोंगराच्या कडेला उभं राहिलं की खाली बदलापूर दिसायचं. तिथे मजल्यावर मजले चढत होते आणि कुठूनकुठून माणसं येऊन त्यांत भरत होती. गावाला माणसांचा नुसता पूर आलेला, आणि वर वाडीत दीडशे जमवताना सोनियाच्या तोंडाला फेस येत होता. तिला वाटायचं, त्यातली एक बिल्डिंग कुणी उचलून वर आणून ठेवली तर काय बिघडेल?

खरं दुखणं वेगळंच होतं. भात कापून झालं की सहा घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जात. तिचा नवरा नितीनही त्यांच्याबरोबर जाई. ती एकवीस माणसं थेट पावसाच्या तोंडावर परत यायची. मागच्या साली सोनियाही लेक पायलला घेऊन गेली होती. तीन वर्षांची पोर दिवसभर विटांच्या रांगांमधून हिंडायची आणि खोकताना तिची थुंकी लाल मातीची पडायची. यंदा सोनिया मागे राहिली ती फक्त मोजणीच्या आशेवर. बुधवारी मुख्यसेविका मॅडम येऊन माणसं मोजणार होत्या. दीडशे भरली नाहीत, तर गुरुवारी भट्टीच्या मुकादमाच्या टेम्पोत सोनिया आणि पायल दोघींनाही चढायचं होतं.

मॅडमचा नियम साधा होता. ज्याची चूल वाडीत आहे आणि जो डोळ्यांना दिसतो, तो मोजायचा. भट्टीवाल्यांच्या चुली वाडीत होत्या, पण माणसं काही डोळ्यांना दिसत नव्हती.

"मामा, शेठ एका दिवसाची पण रजा देत नाय म्हणतो," सोमवारी सोनियाने सासऱ्याला सांगितलं. "फक्त मयत असलं तर सोडतो."

करवंदवाडीची रीतच होती तशी. वाडीतलं कुणी गेलं की त्याला मूठभर माती द्यायला वाडीचा माणूस असेल तिथून येणारच. या रीतीपुढे भट्टीच्या शेठनेही हात टेकले होते.

देऊ पंच्याहत्तरीचा, काटक आणि खोडकर. ओट्यावर बसून तो विडी ओढत होता. त्याने विचारलं, "म्हंजे बघ सोने, एक मेला तं एक कमी. पन एकवीस येतील. मंग वाडी वाढली का घटली?"

"वीसने वाढली," सोनिया म्हणाली, आणि जीभ चावली. "मामा, असलं काय बोलू नका!"

"मी कुठं काय बोलतो? तूच गनित केलंस."

म्हातारा गालातल्या गालात हसत राहिला. सोनियाने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बुधवारी दहा वाजता स्वप्नाली मॅडम घामाघूम होऊन वर आल्या. त्या अंबरनाथच्या, तिशीतल्या, पायांत स्पोर्ट्स शूज आणि काखेत रजिस्टर. आल्या आल्या त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि कामाला लागल्या. कामाला चोख बाई. कुणाच्या मांडीवरचं लेकरू दोन घरांत दोनदा दिसलं तर लगेच ओळखायच्या. अकरा वाजेपर्यंत एकतीसही घरं झाली.

"एकशे सत्तावीस," मॅडम म्हणाल्या. "सोनिया, मला वाईट वाटतंय गं. पण तेवीस म्हणजे खूपच कमी आहेत."

सोनियाने मान हलवली. गुरुवारच्या टेम्पोत काय काय भरायचं, हे तिच्या मनात सुरू झालंच होतं, एवढ्यात खालच्या चढणीवरून रडण्याचा आवाज आला. एकट्याचा नाही, घोळक्याचा. बायका ऊर बडवत होत्या, बाप्ये हाका मारत होते, आणि सगळ्यांच्या पुढे डोक्याला फडकं बांधून नितीन धावत होता.

"बाबाऽ! बाबा, मला सोडून गेलास रं!"

धावत धावत तो ओट्यापाशी आला. ओट्यावर देऊ चहा पीत बसला होता.

"आलास?" देऊ म्हणाला. "चपला काढ, आताच सारवलंय."

नितीनचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मागून आलेल्या बायकांचं रडणं इतकं भरात होतं की ते थांबवायचं कसं हेच त्यांना कळेना. एक जण हुंदके देता देता हसायला लागली, दुसरी हसता हसता पुन्हा रडली. देऊची बहीण मोतीबाई सत्तर वर्षांची, तीही भट्टीवरून आली होती. तिने हातातलं गाठोडं भावाच्या पाठीत घातलं. "मुडद्या! रातपासून पान्याचा घोट नाय घेतला तुज्यापायी!" आणि लगेच त्याच्या गळ्यात पडून तिने त्याचे मुके घेतले. कुणीतरी झेंडूचा हार आणला होता. आणलेला हार फुकट कसा घालवायचा, म्हणून तो देऊच्या गळ्यात घातला. देऊनेही तो ऐटीत मिरवला.

"पण तुम्हाला सांगितलं कोणी?" सोनिया ओरडली.

सगळ्यांनी जनूकडे बोट दाखवलं. जनू बदलापूरला सहा आसनी रिक्षा चालवायचा, वाडीतला मोबाइल तेवढा त्याच्याकडेच. तो कान खाजवत म्हणाला, "देऊबाबानीच सांगितलं, सगळ्यांना फोन लाव आन बोल का मी गेलो. मी बोललो, तू तं समोर उभा हायस. तं बोलला, तुला काय करायचंय, लाव!"

मॅडम रजिस्टर छातीशी धरून उभ्या होत्या. "आजोबा, ही सरकारी मोजणी आहे. फसवणूक नाही चालायची."

"फसवलं ते भट्टीच्या शेठला, आई. तुला कुठं फसवलं?" देऊ म्हणाला. "चुली बघ यांच्या. रेशन कारडं बघ. आन डोळ्यांना दिसतात का नाय, ते तूच सांग."

मॅडमनी सहाही कुलपं उघडायला लावली, चुली पाहिल्या, रेशन कार्डं पाहिली. मग तोंडावर पदर धरून त्या जरा बाजूला गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. परत आल्या तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता. त्यांनी एकवीस रेघा मारल्या.

"एकशे अठ्ठेचाळीस."

अजून दोन कमी. आणि तेवढ्यात पलीकडच्या घरातून नवसीने किंकाळी फोडली.

नवसीचे दिवस भरून वर आठवडा झाला होता. रडणं ऐकून ती धावत बाहेर आली होती, मेलेला माणूस चहा पिताना बघून पोट धरधरून हसली होती, आणि त्या हसण्यातच कळा सुरू झाल्या. अंजनी सुईण आत पळाली. मॅडमनी खाली आरोग्य केंद्रात फोन करायला जनूला रेंजसाठी टेकडीवर पिटाळलं आणि स्वतः पाणी उकळायला ठेवलं. पण पोराला घाई होती. गाडी चढणीच्या पायथ्याशीही पोचली नव्हती, तोवर आतून कोवळं ट्यांहा ऐकू आलं. एकशे अठ्ठेचाळीस माणसांनी एकदम आरोळी ठोकली. वाडीतली कुत्री घाबरून रानात पळाली.

अंजनी हात पुसत बाहेर आली. "पोरगी हाय. पन तिला नका धरू. पाचवी पुजल्याबिगर आमच्यात माणसात धरत नाय."

"तुमच्यात नसतील धरत," मॅडम म्हणाल्या. "सरकारात पहिल्या रडण्यापासून धरतात. एकशे एकोणपन्नास!"

नाचायला सुरुवात झाली होती, ती आकडा ऐकून अर्ध्यावरच थांबली. तेवीस कमी असते तर सोनियाने सोसलं असतं. एकाने मोडणं फार वाईट असतं. "मॅडम, एकच हो," ती म्हणाली.

"सोनिया, एक लिहिला की तो दाखवावा लागतो. पावसाळ्यात तपासणी होते. मी माणूस कुठून आणू?" मॅडमच्याही डोळ्यांत पाणी होतं.

देऊचं मात्र या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो मघापासून चढणीकडे बघत होता. मोतीबाईने ते हेरलं आणि हळूच विचारलं, "महिपत्यालापन लावलास फोन?"

देऊने मान डोलावली. महिपती त्याचा थोरला. अकरा वर्षांमागे बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि "तुझ्या मातीलासुद्धा येणार नाय" असं म्हणून तो जो गेला, तो उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात राहिला. ना लग्न केलं, ना तोंड दाखवलं. सोनियाने तर त्याला कधी पाहिलंच नव्हतं. दीडशेच्या आकड्यात तिने त्याला स्वप्नातही धरलं नव्हतं.

चढणीवर एक माणूस दिसला. एकटाच, अनवाणी, चपला हातात घेतलेला. जवळ आला तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्याच्या डोक्यावर एकही केस नाही. मिशीही नाही. बाप गेल्यावर थोरल्याने करायचं, ते सगळं तो बदलापूरच्या न्हाव्याकडे करून आला होता.

ओट्यापाशी येऊन तो थबकला. बाप झेंडूचा हार घालून बसलेला. महिपतीने गोट्यावरून हात फिरवला, ओठावरून फिरवला, बापाकडे पाहिलं.

"मिशीपण काढली रे मी!" तो म्हणाला.

आधी मोतीबाई फुटली. मग वाडीत असा हशा उसळला की नवसीची पोरगी दचकून पुन्हा रडली. महिपती रागाने लाल झाला होता, पण तो राग काही टिकला नाही, त्याचंही पोट हलायला लागलं. हसता हसता त्याचे डोळे वाहत होते. देऊ तेवढा हसत नव्हता. हातातला कप त्याने खाली ठेवला.

मॅडमनी पेन उघडलं. "तुम्ही राहणार कुठले?"

सोनियाने हात जोडले, कुणाला ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"नको लिवू, आई," देऊ म्हणाला. "तो उल्हासनगरचा. मी खोटं मेलो ते पुरे. त्याला खोटं बोलायला नको लावू."

महिपतीने चपला ओट्याखाली ठेवल्या.

"खोटं कशाला? कारखान्यात शेठला बोललोय, बाप वारला, तेरा दिन की छुट्टी. आता कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू, बाप परत आला? मिशी येईपर्यंत तर तिकडे फिरकता यायचं नाय. लिहा, मॅडम. करवंदवाडी."

"आणि मिशी आल्यावर?" मॅडमनी विचारलं. कामाला चोखच बाई. "तपासणीला मी पावसाळ्यात येणार."

"या की. पुढच्या वर्षी या, त्याच्या पुढच्या वर्षी या. इथेच सापडेन," महिपती म्हणाला. "अकरा वर्षं जीन्स शिवल्या. आता बापाची भातं कापतो."

मॅडमनी शेवटची रेघ मारली आणि आकडा मोठ्याने वाचला. मग काय झालं ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. नितीनने सोनियाला उचललं, सोनियाने पायलला उचललं, जनूने मॅडमचं रजिस्टर डोक्यावर घेऊन फेर धरला. सोनिया वेड्यासारखी नाचली. आपली पोरगी आता लाल माती खाणार नाही, एवढं एकच तिला कळत होतं आणि ते कितीही वेळा कळलं तरी पुरत नव्हतं.

देऊला आकडा ऐकूच आला नाही. त्याने गळ्यातला हार काढून ठेवला होता आणि थोरल्याच्या गोट्यावरून तो हात फिरवत होता.

"जेवलास काय?" त्याने विचारलं.

"येडा झालास काय?" महिपती म्हणाला. "बापाला माती दिल्याबिगर कोन जेवतो?"

सोनिया नाचता नाचता थांबली, आणि भात टाकायला आत धावली.