नाताळ अंकातली पाचवी कथा

बाईंनी पाचव्या कथेची पानं टेबलावर आपटून सारखी केली, चष्मा नाकावर चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

“शीर्षक. सोनेरी फीत. नवा परिच्छेद. नाताळला आठ दिवस उरले होते, स्वल्पविराम, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पूर्णविराम.”

मास्तरांनी तांबडी पेन्सिल उचलली, पण तिचं टोक कागदावर टेकेना. बाई आज इथे असायलाच नको होत्या. पुतण्याच्या लग्नाला म्हणून त्यांनी आठवड्याची रजा टाकली होती, आणि त्याच भरवशावर मास्तरांनी ही कथा अगदी शेवटच्या दिवशी पोचेल अशा बेताने पोस्टात टाकली होती. टाइप करून, खोट्या नावाने, तेही एका स्त्रीच्या. पाहुण्यांच्या गर्दीत करमेना म्हणून बाई दोन दिवस आधीच परत आल्या, आणि सकाळी मास्तर पोचले तेव्हा त्या खुर्चीवर बसलेल्याच होत्या.

त्या साप्ताहिकात मुद्रितं तपासायची रीत जुनी होती. लेखकाची मूळ प्रत बाईंच्या हातात आणि छापखान्यातून आलेलं कच्चं मुद्रित मास्तरांपुढे. बाई विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचणार, मास्तर ओळीवर बोट फिरवत ऐकणार, आणि फरक पडेल तिथे मुद्रित दुरुस्त करणार. वाचलं जाईल ते खरं. फरक फारच मोठा वाटला तर मास्तर “मूळ दाखवा” म्हणायचे आणि बाई पान पुढे सरकवायच्या. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. मृत्यूची बातमी असो की प्रेमपत्र, बाईंचा आवाज तसूभर वर-खाली होत नसे, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना रेडिओ म्हणायचे. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

डिसेंबर आला की दोघांची खरी मजा असे. नाताळच्या खास अंकात सहा प्रेमकथा, आणि सहाही गोड. चोवीस तारखेला कोणाची तरी गाडी चुकणार, कोणीतरी हातमोजा विसरणार, आणि शेवटच्या पानावर दिव्यांच्या झाडाखाली दोघं समोरासमोर येणार, हे ठरलेलंच. पहिलं पान वाचून झालं की मास्तर शेवट ओळखून दाखवायचे आणि सहसा हरायचे नाहीत. पण एवढी वर्षं दुसऱ्यांच्या प्रेमातले काना-मात्रा सुधारता सुधारता त्यांना स्वतःलाच एक कथा लिहायची हुक्की आली होती. तीन-चार प्रयत्न भुईसपाट झाले. मग ही एका बैठकीत लिहून झाली. होणारच होती, कारण ती त्यांची नव्हतीच.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी छापखान्यातलं यंत्र बिघडलं आणि दोघं तीन तास रिकामी बसली. बोलण्यातून बोलणं निघालं आणि बाईंनी सांगितलं. तरुणपणी त्या खेळण्यांच्या दुकानात भेटवस्तू कागदात गुंडाळून द्यायच्या. समोर एका घड्याळवाल्याचं दुकान होतं. त्या वर्षी नाताळच्या आधी तो रोज काहीतरी गुंडाळून घ्यायला यायचा. आधी टेबलावरचं घड्याळ आणलं, मग कंगवा, मग साबणाची वडी, आणि शेवटी नुसतंच रिकामं खोकं. त्या खोक्याला बाईंनी कात्रीच्या पात्याने फीत कुरळी करून लावली तेव्हा तो म्हणाला, चोवीसला दुकान बंद झालं की हे तुम्हालाच द्यायला येतो, आत काय ठेवायचं ते तेवढ्यात ठरवतो. ठरल्याप्रमाणे तो आला. पुढे काय झालं तेही बाईंनी सांगितलं होतं, आणि मग म्हणाल्या होत्या, “मास्तर, हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही.” मास्तरांनी उत्तर दिलं होतं की माझ्या पोटातच राहील.

ते आता टेबलावर छापून पडलं होतं. मास्तरांनी आपल्या मते हुशारी केली होती. खेळण्यांच्या जागी पुस्तकांचं दुकान घातलं होतं, घड्याळवाल्याला चष्मेवाला केलं होतं. पण कंगवा, साबण आणि रिकामं खोकं मात्र सोडता आलं नव्हतं. त्यांच्याशिवाय कथा उभीच राहत नव्हती.

“समोरचा घड्याळवाला आत आला तेव्हा ती फितीचं रीळ शोधत होती, पूर्णविराम,” बाईंनी वाचलं.

मास्तरांचं बोट थांबलं. मुद्रितात ‘चष्मेवाला’ होतं. मूळ प्रतीतही तेच होतं, कारण ते त्यांनीच टाइप केलं होतं. मान खाली घातलेलीच ठेवून त्यांनी वाट पाहिली. बाई पुढे गेल्या नाहीत. बोट थांबलं की मास्तरांना खूण करायला वेळ द्यायचा, हीही रीतच होती. शेवटी त्यांनी ‘चष्मेवाला’ खोडला आणि समासात ‘घड्याळवाला’ लिहिलं.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“झालं.”

त्यानंतर तो शब्द अकरा वेळा आला आणि अकराही वेळा बाईंनी ‘घड्याळवाला’ वाचलं. पुस्तकांचं दुकान खेळण्यांचं झालं. कथेत त्याच्या गळ्यात निळा मफलर होता, बाईंनी वाचताना तो काढूनच टाकला. साबण गुलाबाच्या वासाचा लिहिला होता, तो कडुलिंबाचा निघाला. आवाज तोच, सपाट आणि स्वच्छ. मास्तर खोडत होते, लिहीत होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दर दुरुस्तीगणिक त्यांना वाटत होतं की आता पेन्सिल खाली ठेवावी आणि बोलून टाकावं. बाई, माझं फार चुकलं. चारच शब्द, पण त्यांच्याऐवजी ते पुढची दुरुस्ती लिहीत राहिले. एकोणीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं, त्यांना स्वतःची चूक तोंडाने कबूल करता येत नव्हती.

शेवटचं पान आलं. त्या पानाचा मास्तरांना अभिमान वाटला होता. चोवीस तारखेला तो काउंटरपाशी येतो, तिची मैत्रीण त्याला सांगते की आज ती सुट्टीवर आहे. ती मागे कोठीच्या खोलीत लपलेली असते, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि जबाबदारी तिच्या एकटीवर. पण त्याचा खोकला ऐकून तिला राहवत नाही, ती पडदा सारून बाहेर येते, फीत केसांत अडकलेली, आणि दिवे लागतात. हे लिहिताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“तिची आई आजारी नव्हती, पूर्णविराम,” त्यांनी वाचलं. “घरात कोणाचा विरोध नव्हता, पूर्णविराम. तिला भीती वाटली, पूर्णविराम. कशाची, स्वल्पविराम, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही सांगता येत नाही, पूर्णविराम. नवा परिच्छेद.”

मास्तरांनी वर पाहिलं. बाईंची नजर कागदावर होती, पण डोळे ओळींवरून सरकत नव्हते.

“मूळ दाखवू?” बाईंनी विचारलं. “एवढा फरक कधी पडत नाही. बघून घ्या हवं तर.”

“नको,” मास्तर म्हणाले. “वाचा तुम्ही.”

“तो तासभर उभा राहिला, पूर्णविराम. ती पडद्यामागे होती, पूर्णविराम. मधे हातभर अंतर होतं, पूर्णविराम. त्याने दोनदा विचारलं आणि मैत्रिणीने दोनदा सांगितलं की ती सुट्टीवर आहे, पूर्णविराम. मग खोकं काउंटरवर ठेवून तो गेला, पूर्णविराम. ते तिने कधी उघडलं नाही, पूर्णविराम. तो समजला की तिला तो आवडला नव्हता, पूर्णविराम. तसं नव्हतं, पूर्णविराम. समाप्त.”

मास्तरांनी आपला शेवट उभ्या रेघेने खोडला आणि बाईंचा समासात उतरवून घेतला. जागा पुरेना तेव्हा कोरा कागद जोडला. एका ठिकाणी अडले म्हणून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली, आणि बाईंनी ती अक्षर न बदलता पुन्हा वाचली. उतरवताना मास्तरांना कळत होतं की आपल्या पानभर दिव्यांपेक्षा हे चांगलं आहे, आणि त्यामुळे त्यांना आणखीच लाज वाटली. आपण नुसतं चोरलं नव्हतं, चोरलेलं बिघडवूनही ठेवलं होतं.

खाली दोघांनी रीतीप्रमाणे सह्या केल्या आणि मास्तर मुद्रित घेऊन संपादकांच्या खोलीत गेले.

संपादकांनी शेवटचं पान वाचलं, उलटून पाहिलं, जोडलेला कागदही वाचला. नाताळच्या अंकात शेवटी कोणी एकटं राहत नाही, हा त्यांचा नियम साऱ्या ऑफिसला पाठ होता.

“मास्तर, हे काय आहे? लोक सणाला रडायला अंक विकत घेतात का? आणि लेखिकेला न विचारता शेवट कोणी बदलला?”

“लेखिकेनेच बदललाय,” मास्तर म्हणाले. “तिने सांगितला, मी उतरवून घेतला.”

“मग तिला फोन लावा. जुना शेवट होता तोच राहू दे म्हणावं. उत्तम होता.”

“तो खोटा होता, साहेब.”

संपादकांनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी आजवर व्याकरणाखेरीज कशावर मत दिलं नव्हतं. मग मास्तरांनी सांगितलं की छापायची तर अशीच, नाहीतर कथा काढून घ्यावी लागेल. आता काढली तर अंकात सहा पानं कोरी जाणार होती आणि छापखान्याची माणसं जिन्यात उभी होती. संपादक पुष्कळ बोलले. मास्तरांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं, आणि ओरडा खाताना त्यांना थोडं बरंही वाटलं. शेवटी सही करता करता संपादक म्हणाले की पुढच्या वर्षी या बाईची कथा नको.

“नाही येणार,” मास्तर म्हणाले.

ते परत आले तेव्हा बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. खाली समोरच्या दुकानाच्या दारावर कोणीतरी शिडी लावून दिव्यांची माळ चढवत होतं. वाटेत मास्तरांनी चार शब्द पुन्हा जुळवले होते, पण दारातून आत येईपर्यंत ते पुन्हा विस्कटले. छापायला गेली, एवढंच ते म्हणाले.

“अंक बाजारात कधी येतो या खेपेला?”

“तेवीसला सकाळी.”

बाईंनी मान हलवली. मनात काहीतरी मोजत असाव्यात.

“मग त्यांना चोवीसपर्यंत मिळेल,” त्या म्हणाल्या. “आपला अंक येतो त्यांच्या दुकानात. दुकान तेच आहे अजून. मी कधीमधी पलीकडच्या फुटपाथवरून जाते. गिऱ्हाइकांच्या बाकावर पडलेला दिसतो.”

मास्तर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्या माणसाला त्यांनी मफलर दिला होता, खोकला दिला होता, बायकोसुद्धा मिळवून दिली होती. तो कुठेतरी खरोखरच डोळ्याला भिंग लावून बसलेला असेल, आणि इतकी वर्षं एक चुकीची समजूत घेऊन बसला असेल, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

बाई खुर्चीवर येऊन बसल्या. सहाव्या कथेची पानं त्यांनी हातात घेतली, पण आपटून सारखी केली नाहीत. तशीच धरून ठेवली.

“मास्तर, पुरुष वाचतात का हो असल्या गोष्टी?”

त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर किंचित चढला. असा आवाज मास्तरांनी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता.

“वाचतात,” मास्तर म्हणाले. मग खाली बसले, तांबडी पेन्सिल उगाच सरळ करून ठेवली, आणि म्हणाले, “लिहितातसुद्धा.”

“ते कळलं मला,” बाई म्हणाल्या, आणि सहाव्या कथेचं पहिलं पान त्यांनी उजेडात धरलं.