चिकटवलेले बूट

'अतिवास्तववाद' हा शब्द चित्रकलेच्या बाईंनी फळ्यावर लिहिला आणि लगेच पुसूनही टाकला. पहिल्या बाकावरच्या दोघांनी जांभई दिली होती. आता चौथीच्या पोरांना असल्या जडजंबाल शब्दाचं काय लोणचं घालायचंय?

"हे बघा," त्या म्हणाल्या, "स्वप्नात कसं, चमचा हातात घ्यावा तर तो मऊ पडतो, दार उघडावं तर मागे भिंतच. काही चित्रकारांना अशाच गोष्टींचं वेड होतं. आपणही तसंच करू. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची आणि ती अशी करून टाकायची, की तिला तिचं काम करताच येऊ नये. उद्या घरून एकेक वस्तू आणा. मोडकीच आणा हं, नाहीतर तुमच्या आया माझ्या नावानं शंख करतील!"

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नुसता बाजार झाला. एकानं कंगव्याच्या दातांत लोकर ओवली, एकीनं छत्रीला खिडक्या कापल्या, तिसऱ्यानं झारीचं तोंड झारीतच वळवलं. बाईंची ओढणी रंगानं बरबटली, पण स्वारी खूश होती. इतकी वर्षं त्यांनी फुलदाणी एके फुलदाणी शिकवलं होतं.

खिडकीपाशी घुमी बसली होती. हे नाव वर्गानं ठेवलेलं. पोरगी दिवसभरात चार शब्द बोलली तर डोक्यावरून पाणी. तिनं पिशवीतून भलेमोठे काळे बूट काढले होते. चपला चिकटवायचं सोल्यूशन लावून ती एका बुटाचा तळ दुसऱ्याच्या तळावर जीव खाऊन दाबत होती.

"अगं वा! एक बूट जमिनीवर आणि दुसरा उताणा! कुणाचे गं हे?"

"बाबाचे."

"तो रागावणार नाही ना?"

"बाबा आज जहाजावर जाणार," घुमी म्हणाली. "मी शाळेत असताना जातो. नेहमीच."

घुमीचा बाप जहाजावर आचारी, एकदा गेला की महिनोन्‌महिने तोंड दिसायचं नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण बूट जुने असतील असं त्या आपलं धरून चालल्या. पलीकडे कुणीतरी रंगाचं पाणी सांडलं आणि त्या तिकडे धावल्या.

मधल्या सुट्टीनंतर दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात जाडजूड बॅग आणि पायात न्हाणीघरातल्या निळ्या सपाता. वर्ग खिदळला.

"माफ करा बाई, मी हिचा बाबा," तो घाम पुसत म्हणाला. "सगळं घर पालथं घातलं. शेवटी हिची आई म्हणाली, सकाळी काहीतरी पिशवीत कोंबून नेलंय. बाहेर रिक्षा उभी आहे, माझी गाडी सुटेल, आणि बूट..."

तेवढ्यात त्याला बूट दिसले. त्यानं ओढून पाहिलं, बाईंनी मधे पट्टी घालून पाहिली. छे! सोल्यूशन कसलं बहाद्दर, हलायला तयार नाही.

"काय केलंस हे, कार्टे? एकच तर जोड आहे माझा!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिला बोलू नका. काम करता येऊ नये अशी वस्तू करा, असं मीच सांगितलं होतं. तुम्ही जाऊ नये असं वाटतं हो पोरीला. बूट नसले तरी माणसाला जावं लागतं, हे तिला काय कळणार?"

"कळतं मला," घुमी म्हणाली.

मग ती बापाकडे वळली.

"जाऊ नको असं म्हटलंच नाही मी. पण मी घरी येते तेव्हा तू नसतोस. खुंटीवर तुझा शर्ट नसतो, आणि आई म्हणते, गेला. बूट इथे आणले की तुला इथे यावंच लागेल, म्हणून आणले."

बाप तिच्या शेजारी बाकावर टेकला. बाक एवढंसं, त्याचे गुडघे हनुवटीला लागले. "तू रडतेस ना गं," तो हळूच म्हणाला. "तू रडायला लागलीस की माझा पाय निघत नाही. म्हणून गुपचूप जातो."

"मागाहून रडतेच की मी. तेव्हा तू नसतोस."

त्यानं बूट उचलून बघितले, पुन्हा बाकावर ठेवले आणि म्हणाला, "चल, फाटकापर्यंत पोचवायला येतेस?"

घुमीनं बाईंकडे पाहिलं. त्यांनी 'जा' म्हणून मान डोलावली.

सगळी पोरं खिडकीला चिकटली, बाईही चिकटल्या. मैदानातून सपाता फटक फटक वाजत निघाल्या आणि शेजारून घुमी चालली होती, बापाची बॅग एका बंदाला धरून. फाटकाशी तो उकिडवा बसला आणि घुमीनं भोकाड पसरलं. रिक्षावाला भोंग्यावर भोंगा देत होता. बाबानं मागे न बघताच हात वर करून त्याला थांबायला सांगितलं, आणि इस्त्रीच्या बाहीनं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.