एकतीस नंबरचं रिकामं घर

मित्रांनो, आधी माझे कोपरे बघा. चारही झिजून गोल झाले आहेत. मधोमध एक आडवी घडी आहे आणि उजव्या बाजूला घामाचा पिवळा डाग. असा मी एक जुना, तळहातात मावणारा जाड कागदाचा तुकडा आहे. माझ्यावर हॉकीचा गोलकीपर छापला आहे. पायांना जाडजूड गाद्या, हातात टोकाशी वळलेली काठी, ओठांवर झुपकेदार मिशी. असा मिशीवाला गडी अंगावर वागवतो, म्हणून बोलतोही गड्यासारखाच. माझ्या पाठीवर ३१ हा आकडा आहे. मी थोडा गर्विष्ठ होतो, हे आधीच कबूल करतो. तो गर्व कसा उतरला तेही सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. एका चहा कंपनीने पन्नास खेळाडूंची चित्रं छापून घेतली होती. पैलवान, क्रिकेटवाले, धावणारे, पोहणारे, सगळे होते. चहाच्या प्रत्येक पुडीत एक चित्र निघायचं. ती चिकटवायला कंपनी एक वही द्यायची. तिच्यात पन्नास चौकोन होते आणि त्या चौकोनांना लोक घरं म्हणत. इतरांच्या मानाने मला फार थोडं छापलं होतं. का, ते मालकांना ठाऊक. पण त्यामुळे मी सहसा कोणाला सापडत नसे आणि माझी मान उगाच ताठ झाली होती.

मी निघालो तो येलदरीला. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोन वर्षं झाली होती आणि पूर्णा नदीवर धरणाचं काम लागलं होतं. तिथे मजुरीला जाणाऱ्या लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या पुडीतून मी बाहेर आलो. त्याला ना वही ठाऊक, ना हॉकी. त्याने शिजल्या भाताची दोन शितं लावून मला आपल्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं. रोज सकाळी पेटी उघडली की तो माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवायचा. एवढाच आमचा संबंध.

एके दिवशी त्याच्या दाराशी ग्यानबा आला. ग्यानबा मेंढरं राखणारा. संक्रांतीनंतर तो, त्याची बायको कासाबाई आणि दीडशे मेंढरं पूर्णा गावाहून निघत. गावोगावच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवत ते जिंतूर, येलदरी, देवगाव फाटा असे फिरत आणि वैशाखात परत पूर्णेला येत. मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर त्यांना शेतात कोंडायचं. सकाळपर्यंत शेताला लेंड्यांचं खत मिळतं आणि शेतकरी एका रात्रीची दोन पायल्या ज्वारी देतो.

ग्यानबा पाणी प्यायला टेकला, लिंबाजीने काहीतरी काढायला पेटी उघडली आणि ग्यानबाची नजर माझ्यावर पडली. त्याने तांब्या खाली ठेवला. आपली आकडी, म्हणजे बाभळीच्या फांद्या खाली ओढायची लांब काठी, तो माझ्याजवळ घेऊन आला. त्या काठीवर चाकूने ३१ कोरलं होतं. लिंबाजीने मला अलगद सोडवून दिल्यावर त्याने मला पालथं केलं आणि काठीवरची खूण माझ्या पाठीवरच्या खुणेशी जुळवून पाहिली.

त्याला वाचता येत नव्हतं. पण दीडशे मेंढरांच्या कानाच्या खुणा ओळखणाऱ्याला दोन आकडे काय जड?

“हेच हाय!” तो म्हणाला. “लिंबाजीभाऊ, तीन सालापासून हुडकायलोय ह्याला.”

ती खूण कोरली होती गुरुपादने. पूर्णा स्टेशनाजवळ गुरुसिद्धप्पांचं किराणा दुकान होतं आणि गुरुपाद त्यांचा एकुलता एक मुलगा. वडिलांना तो अप्पा म्हणे आणि आईला अव्वा. वय वर्षं वीस. लग्नाला आलेला घोडा, पण चित्रं गोळा करायचा! लोक हसायचे, हा हसण्यावारी न्यायचा. दुकानात पुडी विकली की गिऱ्हाइकाला तो म्हणे, “चित्र नको असलं तर मला द्या.” लहानपणी तो रेल्वेच्या मैदानावर हॉकी बघायला जाई आणि गोलच्या मागे उभा राही, म्हणून एकतीस नंबरचा त्याला भारी सोस. ग्यानबा गावोगाव फिरतो हे बघून त्याने सांगितलं होतं, “पायाला गाद्या बांधलेला माणूस दिसला की आणा, ग्यानबादादा.” ग्यानबाने आणलाही. दोन महिने जपून आणलेला तो माणूस क्रिकेटचा निघाला! त्यांच्याही पायाला गाद्या असतात हे बिचाऱ्या ग्यानबाला कोण सांगणार? दोघं पोट धरधरून हसले. मग गुरुपादने काठीवर आकडा कोरून दिला आणि म्हणाला, “आन् ह्याच्या हातात तुमच्यासारखीच आकडी असती बघा.”

लिंबाजी तसा भला, पण दुसऱ्याला हवंय म्हटल्यावर त्याला मी एकाएकी फार आवडायला लागलो. शेवटी ग्यानबा म्हणाला, “तुमच्या रानात दोन राती मेंढरं बसवतो. ज्वारी नको.” सौदा ठरला.

कासाबाईने हे ऐकलं आणि तिचा पारा चढला. “चार पायल्या ज्वारी! त्या कागदापायी? खाता येतंय का पांघरता येतंय ते?”

“आगं, त्याच्या वहीत ह्याचं घर अजून खाली राह्यलंय,” ग्यानबा म्हणाला.

“आपल्याला सोताचं घर न्हाई. त्याच्या घराची लय फिकीर तुमाला!”

ती बोलली, पण मला मेणकापडात गुंडाळून दिलं तिनेच. ग्यानबाने मला मुंडाशाच्या घडीत खोवलं. मित्रांनो, त्या मुंडाशात मी दोन महिने राहिलो. घाम, लोकर आणि बाभळीच्या फुलांचा वास येई. दिवसातून एकदा तरी ग्यानबाचा हात वर यायचा आणि मी आहे ना, हे चाचपून जायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटायचं, कधी एकदा वहीत जाऊन बसतो.

परभणी मागे टाकून आम्ही पूर्णेच्या वाटेला लागलो, तेव्हा एक विचित्र गोष्ट कानावर आली. गावोगावची पोरं कुरकुरत होती, “औंदा पुडीत चित्रच निघना गेलंय.” ग्यानबा हळहळला. मी मात्र मनातून खूष झालो. चित्रं कमी, म्हणजे माझा भाव जास्त.

पूर्णेला पोहोचलो त्या दुपारी ग्यानबाने नदीवर तोंड धुतलं, मुंडासं नीट बांधलं आणि दुकानाची पायरी चढला. कपाळाला विभूती लावलेला गुरुपाद गादीवर बसला होता.

“शरणार्थ, गुरुपादप्पा. वळखा बरं, काय आणलंय?”

“काय?”

ग्यानबाने मुंडासं सोडलं, मेणकापड उलगडलं आणि मला गादीवर ठेवलं. माझ्या छातीत धडधडत होतं, म्हणजे कागदाला छाती असती तर.

गुरुपादने माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, “अरे, हे व्हय! दादा, हे सात हायेत माझ्याकडं.”

त्याने गल्ल्यामागून एक डबा ओढला. त्यात चित्रंच चित्रं होती, खच्चून भरलेली. त्यातून त्याने एकापुढे एक सात एकतीस मांडले. माझे सख्खे भाऊ, कोरे करकरीत, टोकदार कोपऱ्यांचे. त्यांच्या शेजारी मी रस्त्यातून उचलून आणल्यासारखा दिसत होतो.

झालं होतं असं. आम्ही येलदरीकडे असताना अप्पांना चाळीस गावांची चहाची एजन्सी मिळाली. पेट्यांवर पेट्या येऊन पडल्या. अप्पा लग्नाला नांदेडला गेले आणि इकडे गुरुपादने सगळ्या पुड्यांची तोंडं उघडली, चित्रं काढून घेतली आणि खळ लावून पुड्या पुन्हा बंद केल्या. “येका दिसात वही भरली की!” तो सांगत होता. “आता काय हुडकायचं कामच न्हाई.”

ग्यानबाने त्या सात चित्रांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, “बरं झालं. भरली न्हवं वही.” मला उचलून त्याने पुन्हा मेणकापडात गुंडाळलं. दोन रातींचं तो काहीच बोलला नाही. मीठ घ्यायचं होतं तेही विसरून पायरी उतरला.

मला फार लागलं, मित्रांनो. आणि खरं सांगतो, स्वतःपेक्षा त्याच्यासाठी जास्त लागलं.

“द्या फेकून,” कासाबाई म्हणाली. “आन् काठीवरचं पण तासून टाका.”

त्याने मला फेकलं नाही आणि काठीही तासली नाही.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा निघालो. पहिल्याच मुक्कामाला दोन पोरं नाचत होती. त्यांच्या पुडीतून चित्र निघालं होतं. पुढच्या गावात तर एकाच पुडीतून तीन निघाली. आणि तिसऱ्या गावात ऐकलं की एका म्हातारीला एकतीस नंबर सापडला! त्यानंतर आणखी एक, मग आणखी एक. ग्यानबाने त्या पुड्या हातात घेऊन पाहिल्या. त्यांच्या तोंडाला दोनदा खळ लावलेली दिसत होती.

आता माझा गर्व पुरता उतरला. मी दुर्मिळ राहिलो नव्हतो. मळका, घडी पडलेला, चार ठिकाणी सहज मिळणारा एक कागद, एवढीच माझी किंमत. तरीही दिवसातून एकदा ग्यानबाचा हात वर यायचा आणि मला चाचपून जायचा. एकदा कासाबाईने विचारलंच, “आता गल्लोगल्ली मिळायलंय ते. कशाला जीव लावता?”

“ते गल्लीतलं हाय,” ग्यानबा म्हणाला. “हे येलदरीचं हाय.”

वैशाखात आम्ही पूर्णेला आलो, पण ग्यानबा दुकानाकडे फिरकला नाही. नदीकाठी पाल ठोकलं आणि तो मेंढरांमागे राहिला. एक दिवस गेला, दोन गेले. मला वाटलं, ही दोस्ती संपली आणि संपवणारा मीच ठरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वही काखेत मारून गुरुपाद स्वतः पालावर आला. कासाबाईने घोंगडं अंथरलं, पण तिचा चेहरा काही सैल नव्हता.

गुरुपादने वही उघडली. मी मुंडाशाच्या फटीतून डोकावलो. कुठे चित्रं होती, कुठे नुसती घरं. पन्नासपैकी बारा घरं रिकामी, आणि त्यात एकतिसावंही.

“भरली होती ना?” ग्यानबाने विचारलं.

“भरली होती. पर नंतर उघडून बघू वाटंना गेली,” गुरुपाद खाली मान घालून म्हणाला. “तुमी पायरी उतरून गेलात, तवा त्या सात चित्रांकडं बघितलं. कुणी दिलं, कुठून आलं, येकाचंबी सांगता येईना. बाकीच्यांचं समदं याद हाय मला. हे धावणारं शेवटच्या गाडीच्या गार्डानं दिलं. हा पैलवान बन्सीधर मास्तरांनी. मंग अप्पाला खरं सांगितलं. लय बोलले. म्हणले, लोकांच्या पोराचा हिस्सा काढून घेतलास. अव्वानं खळ शिजवून दिली, आन् मी पुड्या फोडून काढलेलं येक येक चित्र, वहीत लावलेलंबी, पुड्यात परत घातलं.”

“सातीच्या साती?”

“सातीच्या साती.”

“मंग आता पुडी फोडा येखादी. दुकान तुमचंच हाय.”

“फोडलेलं नको, दादा,” गुरुपाद म्हणाला. “तुमचं हाय का अजून?”

ग्यानबाचा हात मुंडाशाकडे गेला. कासाबाईच मग बोलली, “हाय की. डोक्यावर घेऊन हिंडायलेत सालभर. दोन राती मेंढरं बसवली होती त्याच्यापायी, फुकट. सांगितलं का तुमाला त्यांनी?”

गुरुपादच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

ग्यानबाने हळूहळू मुंडासं सोडलं. कासाबाईने चुलीवरच्या कण्यांतली चिमूटभर काढून दिली आणि तीच माझ्या पाठीला लावून गुरुपादने मला एकतिसाव्या घरात बसवलं. घडी पडलेला, डाग पडलेला, तरी त्या पानावर माझ्याइतकं तोऱ्यात कोणी बसलं नव्हतं.

मित्रांनो, पुढे गुरुपादचं दुकान खूप वाढलं. मनात आणलं असतं तर चहाचं अख्खं गोदाम तो एका दुपारी फोडू शकला असता. म्हणून पैसा वाईट, असं मी म्हणणार नाही. त्याच पैशाच्या दुकानातून चाळीस गावांच्या पोरांना त्यांची चित्रं परत मिळाली. पण शोधायचं कामच उरलं नाही, की आणून देणाऱ्या माणसाचंही काम उरत नाही. तुम्ही काहीही जमवा, तिकिटं, नाणी, शिंपले. जपून ठेवा, कोपरे दुमडू देऊ नका. आणि सगळं विकत घेण्याची ऐपत आली, तरी एखादं घर रिकामं ठेवा. कोणीतरी तुमच्यासाठी वाट तुडवत येत असेल, त्याने आणलेलं ठेवायला जागा हवी.

या वहीत अजून अकरा घरं रिकामी आहेत. माझ्या घराखाली गुरुपादच्या हातची पेन्सिलची एक ओळ आहे. अक्षर पुसट झालंय, पण वाचता येतं: ग्यानबादादा, येलदरी, दोन राती.